पिकअपचा मागचा आंस : दुरुस्त करावा कीं बदलावा ?

आपल्या मासिकांत खतें, बियाणें, रोगराई व बाजारभाव यांविषयीं पुष्कळ मजकूर येतो, आणि तो यावयासच पाहिजे. परंतु शेतांत पिकलेला माल ज्या गाडीच्या पाठीवर बसून बाजारास जातो, त्या गाडीच्या हाडामांसाविषयीं आपण फारसें बोलत नाहीं. बैलगाडीच्या काळीं असें नव्हतें. आंस कोणत्या लांकडाचा आहे, तुंबा सैल झाला आहे काय, धांव केव्हां चढविली, वंगण केव्हां घातलें, हें घरांतील दहा वर्षांच्या मुलासहि ठाऊक असे. आज दारांत पिकअप उभी असते. तिच्यावर कर्ज असतें, साऱ्या हंगामाची भिस्त तिच्यावर असते. आणि तरीहि तिच्या मागच्या आंसाच्या पोटांत काय आहे, हें आपल्यापैकीं फार थोड्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेलें असतें.

हा आंस एके दिवशीं घरघरूं लागतो. गॅरेजवाला एवढेंच विचारतो, "खोलायचा कीं बदलायचा ?" या प्रश्नाचें उत्तर आपण बहुधा गाडींत माल भरलेला असतांना आणि व्यापाऱ्याचा फोन कानाशीं असतांना देतों. घाईंत दिलेल्या अशा एका उत्तराची किंमत गेल्या टोमॅटोच्या हंगामांत आमच्याच घरानें मोजली. त्यावरून जें शिकावयास मिळालें, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हा लेख लिहिला आहे.

माझ्या पुतण्याची पिकअप आठ वर्षांची आहे. निफाड तालुक्यांतील आमच्या शिवारांतून ती भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत पिंपळगांव बसवंतच्या बाजारीं टोमॅटो नेते, आणि भाव पाहून कधीं कधीं कसारा घाट उतरून वाशीसहि जाते. हंगामाच्या ऐन भरांत, ताशीं चाळीस किलोमीटरांच्या वर वेग गेला कीं मागून घरघर येऊं लागली. गाडी एका गॅरेजांत नेली. तेथील माणसानें चाक हलवून पाहिलें, एक फेरी मारली आणि सांगितलें, "भाऊ, हा खोलत बसलों तर चार दिवस जातील, आणि नीट होईल याचा भरंवसा देतां येत नाहीं. याच गाडीचा दुसरा अख्खा आंस माझ्याकडे पडला आहे. उद्यां संध्याकाळीं गाडी तुमच्या ताब्यांत." पुतण्यानें मला फोन केला, "नाना, काय करूं ? शेतांत दोनशें क्रेट तोडून पडले आहेत." मींहि अधिक कांहीं न विचारतां सांगितलें, "बदलून टाक." तेव्हां पुढील प्रकारांत दोष जितका त्याचा, तितकाच माझा आहे.

दुसरा आंस बसला आणि घरघर थांबली. मात्र भरल्या गाडीस साधा चढ लागला तरी एक गिअर खालीं उतरावें लागूं लागलें. तिसऱ्या आठवड्यांत, रात्रीं कसारा घाट उतरतांना, ब्रेक दाबला कीं गाडी एका अंगास ओढूं लागली. पुतण्यानें प्रसंग ओळखून वेग मारला व गाडी कडेस घेतली. पाहतो तों मागच्या डाव्या चाकाच्या आंतून तेल ओघळून ब्रेकच्या ड्रमांत उतरलें होतें आणि ब्रेकचे शू त्या तेलांत भिजले होते. रात्र घाटांत गेली. वाशीचा पहाटेचा बाजार चुकला. माल दुसऱ्या दिवशीं पडेल भावानें द्यावा लागला. मालाचें दुःख विसरतां येतें. परंतु त्या रात्रीं पुतण्याबरोबर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा गाडींत होता, हें आठवलें म्हणजे माझ्या अंगावर आजहि कांटा उभा राहतो.

घरीं आल्यावर आमचा मूळचा आंस आम्हीं गॅरेजवाल्यास पैसे देऊन परत मिळविला, आणि दोन्ही आंस एका जुन्या, सावकाश काम करणाऱ्या मेस्त्रींकडे नेले. त्यांनीं ते आमच्या देखत खोलले. मूळच्या आंसांत पिनियनचें पुढचें बेअरिंग तेवढें खपल्या उडून खराब झालें होतें. बाकी दांते स्वच्छ, शाफ्ट निकोप, कवच सरळ. उलट नव्यानें घेतलेल्या आंसांत डाव्या बाजूस सील बसण्याची जागा झिजून खांच पडली होती, कवच त्याच बाजूस किंचित् वांकलें होतें, आणि दांत्यांचें प्रमाणहि निराळें होतें. आमच्या आंसांत क्राऊनचे ४१ व पिनियनचे १० दांते. यांत ४१ व ११. म्हणजे ४.१० च्या जागीं ३.७३, आणि तितक्या प्रमाणांत, सुमारें नऊ टक्क्यांनीं, चाकावरची ओढ घटलेली. थोडक्यांत, किरकोळ दुखण्याचा बैल विकून आम्हीं लंगडा बैल घरीं आणला होता, आणि तोहि दांत न पाहतां.

आंसाच्या पोटांत काय असतें

आधीं यंत्राची तोंडओळख करून घेऊं. इंजिनाची फिरकी लांब शाफ्टानें मागें येते. तेथें पिनियन नांवाचें लहान दांतेरी चाक क्राऊन नांवाच्या मोठ्या दांतेरी चाकास फिरवितें, फिरकीची दिशा काटकोनांत वळते, आणि ती दोन्ही बाजूंच्या शाफ्टांवाटे चाकांना पोंचते. वळणावर बाहेरच्या चाकास आंतल्यापेक्षां अधिक अंतर तोडावें लागतें. तें साधावें म्हणून क्राऊनच्या पोटांत लहान दांतेरी चाकांचा एक संच असतो, त्यास डिफरन्शिअल म्हणतात. हें सारें ज्या पोकळ कवचांत बसतें त्यास मेस्त्री लोक हाउसिंग म्हणतात. या लेखांत मी त्यास घर म्हणेन, कारण पुढचा सारा विचार या घराभोंवतींच फिरणार आहे. गाडीचे पाटे याच घरावर बांधलेले असतात, आणि गाडीचा व मालाचा भार पाट्यांवाटे घरावर व घराच्या टोकांवाटे चाकांवर जातो.

बहुतेक पिकअपांत पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेवर नसून थोडें खालीं बसविलेलें असतें. या रचनेस हायपॉइड म्हणतात. १९२६ सालीं अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें ती आपल्या मोटारींत आणली. तिच्या योगानें दांते भक्कम होतात व आवाज कमी होतो. परंतु दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत, घसरतातहि. साधें तेल अशा घसरणींत पिळून निघून जातें व लोखंड लोखंडास लागतें. यास्तव येथें मोठा दाब सोसणारें गिअर तेलच लागतें. गाडीच्या पुस्तिकेंत जो प्रकार व जो दाटपणा सांगितला असेल तोच डब्यावर पाहून घ्यावा. हायपॉइड आंसासाठीं बहुधा 'जी. एल. ५' अशीं अक्षरें असतात. दुसरी ध्यानांत धरण्याची गोष्ट ही कीं, क्राऊन व पिनियन यांची जोडी कारखान्यांत एकमेकांवर फिरवून जुळविलेली असते. त्यांतील एक बदलून दुसरें जुनेंच ठेवणें म्हणजे एका जुवाखालीं बैल व रेडा जुंपण्यासारखें आहे.

आधीं रोग ओळखावा

मागून आवाज आला म्हणजे आंसच गेला असें नव्हे. घासलेला टायर, लांब शाफ्टाचा क्रॉस, त्याचें मधलें बेअरिंग, पाट्यांचा सैल झालेला यू-बोल्ट, यांपैकीं कोणीहि तसा आवाज करूं शकतें. हीं तपासल्याशिवाय आंस खोलणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. रस्त्याचा पृष्ठभाग बदलतांच आवाज बदलला, तर प्रथम टायरावर संशय घ्यावा. ॲक्सिलरेटर दाबतांना एक सूर व सोडतांना दुसरा सूर निघाला, तर दोष बहुधा क्राऊन-पिनियनच्या जुळणींत किंवा पिनियनच्या बेअरिंगांत असतो. दाबण्या-सोडण्यानें फरक न पडतां गाडीच्या वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर बेअरिंगांची असते. आवाज केवळ वळणावरच येत असेल, तर डिफरन्शिअलचीं लहान चाकें किंवा त्या बाजूच्या चाकाचें बेअरिंग पाहावें. गाडी उचलतांना "खट्" असा ठोका पडत असेल, तर शाफ्टाचे क्रॉस आधीं पाहावे व मग दांत्यांमधील सैलपणा मोजावा.

यापुढची साक्ष तेल देतें. आंसाचें तेल स्वच्छ भांड्यांत उतरवून उन्हांत पाहावें. लोहचुंबकास चिकटणारा मऊ करडा लेप ही नेहमींची झीज समजावी. बोटांना टोंचणारे चकचकीत तुकडे निघाले, तर मात्र कांहींतरी फुटलें आहे. तेल ताकासारखें पांढरट झालें असेल, तर आंत पाणी गेलें आहे. या परीक्षेस अर्धा तास पुरतो. आम्हीं तेवढाहि दिला नाहीं.

घर शाबूत तर दुरुस्ती, घर गेलें तर बदल

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. माझें मत असें आहे कीं, दुरुस्त करावा कीं बदलावा हें आवाजाच्या मोठेपणावरून, मोडलेल्या भागाच्या किंमतीवरून किंवा गॅरेजवाल्याच्या सवडीवरून ठरवूं नये; तें घराच्या स्थितीवरून ठरवावें. बेअरिंग, सील, शिम, शाफ्ट, फार काय, क्राऊन-पिनियनची जोडीहि नवी मिळते व बसवितां येते. हे घराचे वासे आहेत. भिंती उभ्या असल्या तर वासे बदलून घर पुनः नांदतें करितां येतें. भिंतच कलली असेल, तर सागाचे वासे घालूनहि पहिल्या पावसांत तें गळणार.

घर पाहण्याच्या कांहीं खुणा सांगतों. मागच्या टायरांची आंतली कड एकसारखी झिजत असेल. एकाच बाजूचें सील वर्षांत दोनदां-तीनदां फुटत असेल. शाफ्ट ओढतांना व घालतांना अडकत असेल. तर घर वांकलें असल्याचा संशय धरावा. गाडी रिकामी व सपाट जागीं उभी करून मागच्या दोन चाकांच्या रिमांमधलें अंतर पुढच्या बाजूनें व मागच्या बाजूनें एकाच उंचीवर मोजावें. सरळ आंसांत दोन्ही मापें जवळजवळ सारखीं भरतात. हें माप पुढें-मागें वांकलेलें घर दाखवितें. भारानें खालीं-वर वांकलेलें घर मात्र उतरवून, त्याच्या दोन टोकांमध्यें सरळ पट्टी किंवा ताणलेली दोरी धरूनच कळतें. पाटे जेथें टेकतात तेथील सांधे धुऊन, पुसून, बारीक चीर आहे काय हें पाहावें. बेअरिंगची बाहेरची कडी आपल्या जागीं घट्ट बसली पाहिजे. ती त्या जागेंत फिरून फिरून जागाच मोठी झाली असेल, तर नवें बेअरिंगहि तेथें टिकणार नाहीं.

या खुणांपैकीं एकहि आढळली नाहीं, तर आंस स्वतःचाच दुरुस्त करावा. तो कोणत्या गाडींतून आला, किती भार त्यानें वाहिला, हें आपणांस ठाऊक असतें. महसूल दप्तरांत उमर गेल्यामुळें मला एक संवय जडली आहे : ज्या वस्तूचा मागचा उतारा नाहीं, ती वस्तु कितीहि चांगली दिसली तरी मी तिच्यावर चटकन् विश्वास ठेवीत नाहीं. जुन्या बाजारांतील आंसास उतारा नसतो.

मात्र दुरुस्ती ती दुरुस्तीच असावी. खराब झालेलें एकच बेअरिंग बदलून आंस मिटविण्याची जी चाल आहे, ती मला मान्य नाहीं. फुटलेल्या बेअरिंगचा लोखंडी चुरा तेलाबरोबर सर्व बेअरिंगांत फिरलेला असतो. यासाठीं घर आंतून पुरतें धुऊन सर्व बेअरिंगें, त्यांच्या बाहेरच्या कड्या व सर्व सीलें एकदमच बदलावीं. पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्यें दाबून बसणारी नळी असेल, तर ती एकदां दबल्यावर पुनः वापरूं नये. पिनियन किती आंत बसावें, दांत्यांमध्यें किती सैलपणा ठेवावा, बेअरिंगांवर किती ताण ठेवावा, हीं मापें पुस्तिकेंत दिलेलीं असतात. दांत्यांमधला सैलपणा मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतका बारीक असतो; तो बोटांनीं कळत नाहीं, डायल गेजनेंच मोजावा लागतो. शेवटीं दांत्यांना रंग लावून ते एकमेकांवर फिरवावे व रंगाचा ठसा दांत्याच्या मध्यभागीं उमटतो काय हें पाहावें. जो मेस्त्री हा ठसा मालकास दाखवितो, त्याच्यावर विश्वास टाकावा. क्राऊन-पिनियन नवें घातलें असेल, तर पहिले सातआठशें किलोमीटर जड माल लादूं नये व त्यानंतर एकदां तेल बदलावें.

उलटपक्षीं घर वांकलें, चिरलें किंवा बेअरिंगच्या जागा खाल्ल्या गेल्या असतील, तर दुरुस्तीचा मोह सोडावा. आमच्याच गांवीं एका गृहस्थांनीं वांकलेल्या घरांत दीड वर्षांत तीनदां नवीं बेअरिंगें घातलीं. तीनहि वेळां तीं त्याच बाजूचीं गेलीं. चिरलेलें घर रस्त्याकडेच्या वेल्डिंगवाल्याकडून सांधून घेण्याचा प्रघात तर फारच घातक. वेल्डिंगच्या उष्णतेनें सरळ घरहि ताणलें जाऊन वांकतें, आणि धक्के खाणारा असा सांधा एखाद्या भरल्या फेरींत दगा देतो. ज्या आंसांत चाकाचा भार शाफ्टावरच असतो, त्यांत शाफ्ट तुटला तर चाकच निसटून बाहेर येऊं शकतें. येथें काटकसरीस जागा नाहीं.

बदलावयाचा तर नवा घ्यावा कीं जुना ? पैसा असेल व गाडी अजून पुष्कळ वर्षें वापरावयाची असेल, तर नवा, पक्क्या बिलावर घ्यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवरील वस्तु व सेवा कर १८ टक्के झाला आहे. पूर्वीं त्यांतील पुष्कळांवर तो २८ टक्के होता. कराच्या भीतीनें बिनबिली माल घेण्याचें कारण त्यामुळें कांहींसें कमी झालें आहे. जुनाच घ्यावयाचा झाला, मग तो मुंबईस कुर्ल्याच्या बाजारांतला असो वा तालुक्याच्या भंगारांतला, तर तो खोलून पाहिल्याशिवाय घेऊं नये. पाट्यांच्या बैठकींचें अंतर, चाकाच्या बोल्टांची मांडणी, ब्रेकच्या ड्रमाचें माप व हँडब्रेकची तार, हीं आपल्या आंसाशीं ताडून पाहावीं. दांत्यांचें प्रमाण न खोलतांहि पाहतां येतें : एक चाक घट्ट धरावें, दुसरें बरोबर दोन फेरे फिरवावें, आणि तेवढ्यांत पुढची पिनियनची तबकडी किती फेरे फिरली हें मोजावें; तोच प्रमाणाचा आंकडा. चारी चाकांना ओढ असलेल्या गाडींत पुढचें व मागचें प्रमाण जुळलेंच पाहिजे, नाहीं तर दोन्ही आंस एकमेकांविरुद्ध झगडत राहतात.

खर्चाचा हिशेब

हिशेबाची रीत दाखविण्यापुरते कांहीं आंकडे धरूं. ते बाजारभाव नव्हेत, प्रत्येकानें आपल्या गांवचे घालावे. समजा, दुरुस्तीस २८,००० रुपये, जुन्या आंसास २२,००० व नव्यास ८०,००० रुपये पडतात, आणि गाडी आणखी पांच वर्षें ठेवावयाची आहे. घर शाबूत असतां दुरुस्ती पांच वर्षें पुरेल असें धरलें, तर वर्षास ५,६०० रुपये पडले. नवा आंस दहा वर्षें टिकणारा असला तरी गाडीच पांच वर्षें राहणार. म्हणून ८०,००० ला पांचानेंच भागावें, वर्षास १६,००० रुपये. जुना आंस खोलून त्यांत बेअरिंगें व सीलें घालावयास १२,००० लागले, तर एकूण ३४,००० म्हणजे वर्षास ६,८००. दुरुस्तीचे चार दिवस भाड्याची गाडी लावली व रोजचे ३,००० दिले, तरी दुरुस्तीचा खर्च ४०,००० होऊन वर्षास ८,००० पडतो, म्हणजे नव्याच्या निम्मा. परंतु घर वांकलेलें असून तीच दुरुस्ती एकच वर्ष टिकली, तर तिचे वर्षास २८,००० पडतात व नवा आंस स्वस्त ठरतो. रीत एकच, उत्तर मात्र घराप्रमाणें फिरतें. गाडी आणखी किती वर्षें ठेवावी, हेंहि याच वेळीं ठरवावें. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस योग्यतेचा दाखला दरसाल घ्यावा लागतो, हा खर्चहि त्यांत धरावा.

हंगामांत चार दिवस कोणापाशीं आहेत, असा आक्षेप येईल. आक्षेप खरा आहे. परंतु आमच्या एका दिवसाच्या कामानें एक बाजार घालविला, नंतर आठ दिवस गाडी उभी ठेवविली आणि दोन आंसांचा खर्च करविला. गॅरेजवाल्यासहि मी लबाड म्हणत नाहीं. आम्हीं त्याच्यापाशीं वेग मागितला, त्यानें वेग दिला. तपासणी आम्हीं मागितलीच नव्हती.

आंस कां गेला ?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तोच कोणी विचारीत नाहीं. आमच्या आंसाचें उत्तर एका बोटभर नळींत सांपडलें. आंसाच्या वर हवा बाहेर सोडणारी एक लहान तोटी असते, तिला ब्रीदर म्हणतात. आंस तापला कीं आंतली हवा फुगते व या तोटींतून निघून जाते. आमच्या गाडीची तोटी शेताच्या चिखलानें बुजली होती. कोंडलेल्या हवेनें तेल सीलांतून बाहेर ढकललें. तेल कमी झालें. आणि पिनियनचें पुढचें बेअरिंग उंचावर असल्यामुळें तेंच प्रथम कोरडें पडलें. तोटी बुजलेली असतांना तापलेला आंस ओढ्याच्या पाण्यांत उतरला, तर आंतली हवा एकदम आकसते व पाणी आंत खेंचलें जातें. तोटी साफ करण्यास पैसा लागत नाहीं. दर महिन्यास बोट फिरवून पाहावें, एवढेंच.

दुसरें कारण आपण सारे जाणतों, पण तोंडानें काढीत नाहीं. टोमॅटोचा क्रेट वीस किलोंचा. दीड टन क्षमतेच्या गाडींत ७५ क्रेट भरले कीं क्षमता संपली, आणि यांत रिकाम्या क्रेटांचें वजन धरलेलें नाहीं. आपण १२० रचतों, म्हणजे ९०० किलो जादा. रोलर बेअरिंगांचें गणित असें आहे कीं, त्यांवरील भार सव्वापट केला तर आयुष्य निम्म्यावर येतें, व दीडपट केला तर सुमारें चौथाईवर. पंचेचाळीस क्रेटांचें वांचलेलें भाडें आपण आंसाच्या आयुष्यांतून कापून घेत असतों. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणें जादा भारास २०,००० रुपये दंड व वर प्रत्येक जादा टनास २,००० रुपये आहेत. जादा पाटे घालून किंवा मोठा आंस बसवून क्षमता वाढली असें समजणें ही फसवणूक आहे. नोंदणींतील भार त्यानें वाढत नाहीं, आणि उत्पादकाच्या मूळ नमुन्याविरुद्ध फेरफार करण्यास १९८८ च्या कायद्याच्या कलम ५२ ची हरकत आहे.

कारण न काढतां आंस दुरुस्त केला काय किंवा बदलला काय, दोन्ही सारखेंच. नवा आंस जुन्याच वाटेनें जाईल.

शेवटीं आपल्या संस्थेस दोन सूचना करितों. डायल गेज व टॉर्क रेंच हीं हत्यारें लहान मेस्त्रींपाशीं बहुधा नसतात, म्हणून ते मोजण्याचें काम टाळतात. संस्था फवारणीचे पंप भाड्यानें देते, तशींच हीं हत्यारें विकत घेऊन सभासदांच्या मेस्त्रींना नाममात्र भाड्यानें द्यावीं. दुसरी सूचना, दरसाल मृगापूर्वीं एक दिवस सभासदांच्या पिकअप एके ठिकाणीं उभ्या करून तेल, ब्रीदर, सील व मागच्या चाकांची मापें तपासावीं आणि तीं प्रत्येक गाडीच्या नांवें वहींत लिहावीं. तेल केव्हां बदललें, कोणतें घातलें, बेअरिंग केव्हां गेलें, एवढ्या चार ओळी वहींत असल्या, तर हंगामांत घरघर सुरू झाल्यावर निर्णय घेण्यास अंदाजाची गरज उरणार नाहीं.

आमचा मूळचा आंस दुरुस्त होऊन गाडीखालीं परत बसला आहे. पुतण्या आतां ८० क्रेटांच्या वर भरीत नाहीं. तीहि क्षमतेपेक्षां थोडी अधिकच भर आहे, हें मी त्यास सांगितलें आहे. तो हंसतो, पण या पावसाळ्यापासून ब्रीदरवर बोट मात्र दर अमावास्येस फिरवितो. त्याचा मुलगा त्या वेळीं गाडीखालीं वांकून बॅटरी धरतो. आंसाच्या पोटांत काय आहे हें आमच्या घरांतील एका मुलास पुनः एकदां ठाऊक झालें आहे.